शंभर टक्के प्रतिसाद

संग्रहालयाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पहारेकरी, माळी, तिकीटखिडकीवाले काका, सांगाडे पुसणाऱ्या मावशी, झाडून सगळे पडद्याकडे डोळे लावून बसले होते. पडद्यावर एक हिरवी रेघ सळसळत पुढे चालली होती आणि तिच्याशेजारी आकडा गरागरा फिरत होता. दहा हजार! वीस हजार! तीस हजार!

"पाहा!" वेगबाबा गरजले. "या क्षणी तीस हजार माणसं तुमच्या वेबसाइटवर तिकीट मागताहेत. आणि सर्व्हर? शांत! ध्यानस्थ!"

"काय तेज आहे हो त्या रेघेला," मावशी म्हणाल्या. त्यांनी हात जोडायचेच तेवढे बाकी ठेवले होते.

वेगबाबा हे नाव मी ठेवलेलं. एरवी ते बाहेरच्या कंपनीने पाठवलेले चाचणीवाले. संगणकाकरवी खोटी गर्दी करायची आणि वेबसाइट टिकते का ते बघायचं, हे त्यांचं काम.

माझी आई तिकीट विभागाची प्रमुख. वेबसाइटमधलं तिला ओ की ठो कळत नाही. मागे प्रदर्शनात इजिप्तची ममी आली तेव्हा वेबसाइट कोसळली आणि संचालकांनी सगळं खापर आईच्या डोक्यावर फोडलं. आता चक्क डायनासोर येत होता! उद्यापासून तिकीटविक्री. "या वेळी कोसळली, तर तुमच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसेल," असं साहेबांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं. ‘सगळं ठीक आहे’ हा शब्द मात्र आईनेच द्यायचा होता.

"पण तुम्ही नेमकं काय तपासताय?" आईने चाचरत विचारलं.

"थ्रूपुट, ताई! लेटन्सी! कॉन्करन्सी!" वेगबाबांनी डोळे मिटले. "हे विचारायचं नसतं, अनुभवायचं असतं."

"तज्ज्ञांना काम करू द्या हो," संचालक म्हणाले.

मी शाळेतून थेट आले होते, मांडीवर दप्तर, पोटात कावळे. म्हटलं, चला, आपणही अनुभवू या! आईचा फोन घेतला, चाचणीसाठी उघडलेल्या पानावर गेले आणि डायनासोरचं एक तिकीट मागितलं.

‘क्षमस्व! सध्या गर्दी आहे. नंतर प्रयत्न करा.’

पुन्हा मागितलं. पुन्हा क्षमस्व!

"पन्नास हजार!" तिकडे आरोळी उठली. "प्रतिसाद शंभर टक्के!" टाळ्यांचा नुसता कडकडाट.

"काका," मी तिकीटखिडकीवाल्या काकांना हाक मारली, "चाचणीची तिकिटं किती उरली हो?"

काकांनी आपल्या संगणकात डोकावून पाहिलं. "सगळीच्या सगळी. एकही हललेलं नाही."

"पन्नास हजार माणसं आली आणि एकही तिकीट खपलं नाही? नुसती वारा खायला आली होती का?"

टाळ्या थांबल्या. वेगबाबा गोड हसले. "बाळ, प्रत्येकाला प्रतिसाद मिळाला ना!"

"बाळ नाही, दहावीत आहे मी. कसला प्रतिसाद?"

"पान उघडलं, की प्रतिसाद."

मी फोन उंच धरला. "हे ‘क्षमस्व’चं पान उघडलं, तरी?"

वेगबाबांनी घसा खाकरला. "तांत्रिकदृष्ट्या... पान ते पानच."

मला इतकं हसू फुटलं, की दप्तर खाली पडलं. "मी आईला सहलीला जाऊ का विचारते, ती म्हणते ‘अजिबात नाही’. झाला की शंभर टक्के प्रतिसाद!"

सभागृह खो खो हसलं. चमत्कार तो एवढाच! ‘क्षमस्व’चं पान पिसासारखं हलकं, ते पाठवायला सर्व्हरला कष्ट कसले? वेबसाइट सगळ्यांना दारातूनच पिटाळत होती आणि बाबा पिटाळलेली डोकीही पास म्हणून मोजत होते. मग रेघ हिरवी राहणार नाही तर काय!

आई उठली. आता ती चाचरत नव्हती. "ज्यांच्या हातात तिकीट पडलं, तेवढेच मोजा. पुन्हा करा."

"ताई, मेट्रिक्स असे..."

"मॅडम म्हणा. आणि करा."

केलं. रेघ थरथरली, लटपटली आणि शून्यावरच धप्पकन आडवी झाली.

"उद्याची विक्री?" संचालक ओरडले.

"पुढे ढकलायची. मी खोटा शब्द देणार नाही. खुर्ची हवी तर आत्ताच घ्या."

साहेबांनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. "ढकला," ते म्हणाले.

पैसे भरायच्या टप्प्यावर सगळं तुंबत होतं. वेबसाइट बनवणाऱ्यांनी ते दुरुस्त केलं. विक्री उघडली आणि तिकिटं भराभरा खपली. आईची खुर्ची आहे तिथेच आहे.

म्हणून सांगते, यंत्रातलं कळत नाही यात लाज कसली? न विचारता मान डोलावण्यात आहे. कोणी डोळे दिपवायला लागला, की एवढंच विचारा: कोणाच्या हातात काय पडलं? आणि मग स्वतः एकदा मागून बघा.

काल मी आईला पुन्हा सहलीचं विचारलं. ती गंभीरपणे म्हणाली, "क्षमस्व! सध्या गर्दी आहे. नंतर प्रयत्न करा."

करतेच आहे!