बाविसावं मिनिट

महाळुंग्याच्या एका कंपनीत एकोणीस वर्षं मी बाहेरून आलेला माल तपासते. त्यामुळे कुणी "एकदम नवीनच आहे" म्हणालं की माझा हात आपोआप चष्म्याकडं जातो.

तळेगावचा धम्मरत्न हेच म्हणाला. माझ्या लेकीला, मिनलला, त्याचा वापरलेला मिररलेस कॅमेरा घ्यायचा होता. मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला. नसलेल्या वस्तूचं एवढं कौतुक का, ते मला कळलेलं नाही. चाकणला नव्यानं कामाला येणाऱ्या मुलींसाठी मिनल फोनवर व्हिडिओ करते: खोली कुठं बघावी, कुठल्या स्टॉपवर संध्याकाळी थांबू नये. "फोनवर चाललंय ना?" असं मी तीनदा विचारून पाहिलं. शेवटी ती म्हणाली, "आई, तू तपास. तू नापास केलास तर नाही घेणार."

इथंच माझं फावलं.

"जय भीम, काकू," धम्मरत्ननं दार उघडलं. "दोन हजारसुद्धा फोटो काढले नसतील बघा."

"मग स्क्रीनची बिजागरी एवढी सैल कशी?"

"व्लॉग करताना स्वतःला बघायला सारखी उलटी फिरवावी लागते ना."

"विकताय कशाला?"

"हिंजवडीत नोकरी लागली. अर्धा दिवस ट्रॅफिकमध्येच जातो."

उत्तर इतकं सरळ आलं की मला ते पाठ केलेलं वाटलं.

पांढऱ्या भिंतीचे फोटो काढले, मोठे करून डाग शोधले. नव्हते. माइकची पिन हलवून पाहिली. खरखर नव्हती. मिनल खोलीभर फिरली तरी फोकस तिच्या डोळ्यांवरून हलला नाही. आमच्याकडं रिपोर्टात सगळेच रकाने बरोबर आले की मी समजते, हा खुर्चीत बसून भरलाय.

"आता सलग अर्धा तास व्हिडिओ," मी म्हटलं.

"काकू, एवढा मोठा व्हिडिओ बघणार कोण?"

"मी."

तो मिनलला लेन्स दाखवायला आतल्या खोलीत घेऊन गेला. मी कॅमेरा लावलेला स्टँड उचलून खिडकीशी ठेवला आणि समोर स्टुलावर बसले. बाविसाव्या मिनिटाला पडद्यावर थर्मामीटरची खूण आली आणि कॅमेरा बंद पडला. मी दोघांना हाक मारली.

"असं कधीच झालं नव्हतं, काकू. शप्पथ!"

"हे मला सप्लायर रोज सांगतात."

मिनलनं पर्स उचलली. शब्द दिला होता ना. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

त्याचा कॅमेरा परत द्यायला मी हात लावला आणि चटका बसला. एकाच बाजूला, खिडकीकडच्या. मशीनवरून उतरलेला गरम पार्ट मोजायचा नसतो, आधी गार होऊ द्यायचा, नाहीतर माप खोटं येतं. नव्या पोरींना हे पहिल्या दिवशी मीच शिकवते. आणि मिनलचा सगळ्यात मोठा व्हिडिओ सात मिनिटांचा आहे, हेही मला माहीत होतं. स्टँड उन्हात चुकून ठेवला की कसा, ते मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

"थांब," मी म्हटलं. "ही टेस्ट धरायची नाही. मी उन्हात ठेवला होता."

मिनलनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी मालाच्या पेटीकडं पाहते. "मुद्दाम?"

"कामावर असते तर मीच मला मेमो दिला असता."

"म्हणजे मुद्दाम."

"अगं, तुझ्या व्हिडिओंखाली पुरुष काय काय लिहितात ते मी वाचते. फोनवर एवढं, तर ह्याच्यात तुझा चेहरा किती स्वच्छ दिसेल!"

धम्मरत्न चहा ठेवतो म्हणून आत सटकला.

"मीपण वाचते, आई," मिनल म्हणाली. "वाचते, पुसते आणि पुढचा व्हिडिओ करते. मला विचारायचं होतंस."

कॅमेरा गार झाल्यावर तिनं तो सावलीत लावला आणि समोर मला बसवलं. "बोल."

"काय बोलू?"

"तेच. कुठल्या स्टॉपवर थांबायचं नाही. एकोणीस वर्षं जातेस ना?"

मी बोलत सुटले. कुठं दिवा नसतो, कुठल्या टेम्पोत बसायचं नाही, सगळं. थांबले तेव्हा चहावर साय धरली होती आणि घड्याळात एकतीस मिनिटं झाली होती. कॅमेरा चालूच होता.

"बोला, इन्स्पेक्टरबाई. पास?" मिनलनं विचारलं.

"पास," मी म्हटलं आणि धम्मरत्नकडं वळले. "चार्जर ओरिजिनलच आहे ना?"