फुलकुंवरचा बुडालेला दगड

मंगळवारी फिजीतल्या आमच्या रामायण मंडळीच्या पत्र्याच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी आम्ही आठ-दहा म्हातारी डोकी. त्या दिवशी ऊसतोडणी टाकून तरुणसुद्धा आले होते. काचेच्या टाकीत रामसेतूचा दगड तरंगत होता आणि बाहेरदेशाहून आलेले स्वामी अचलानंद गर्जत होते, "आपला धर्म दुबळा कशानं झाला? घरात शिरलेल्या भेसळीनं! जिथं श्रद्धा हलकी, तिथं दगड भारी!"

टोपलीतला एकेक दगड ते एकेका घराच्या नावानं पाण्यात सोडत. तरंगला की जयजयकार.

फुलकुंवरच्या नावाचा दगड सरळ तळाला गेला.

चाळीस वर्षं आमच्यात तुलसीरामायणातली चौपाई सगळ्यांत गोड म्हणणारी ही विधवा. तिच्या मुलानं पलीकडच्या फिजियन वस्तीतल्या, चर्चला जाणाऱ्या मेरेआनीशी लग्न केलं होतं.

"चर्चला जाणारी सून घरात घेतली! हिनं पोथीला हात लावायचा नाही!" स्वामी कडाडले.

फुलकुंवरनं मंडळीचे प्रधान बिसुनदत्त यांच्याकडे पाहिलं. तीस वर्षं ती त्यांना राखी बांधत होती. "भैया, तुम्ही तरी बोला."

बिसुनदत्त टाकीकडे बघत राहिले. तिनं तो दगड पदरात घेतला आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. मेरेआनी दगड हातात घेऊन हसली. "मास्तर, हा रामाचा? समुद्रात ज्वालामुखी फुटला की आमच्या किनाऱ्यावर पोत्यानं येतो. आजी ह्यानं टाचा घासते."

"मग तुझ्या सासूबाईंचा बुडाला कसा?"

"ते तुम्ही सांगा. शाळेत तुम्ही शिकवलंत."

मी दगड उचलला. आकाराच्या मानानं फारच जड होता. "चुलीवरच्या फळीवर ठेव," मी म्हटलं. "पंधरा दिवस हलवू नकोस."

पंधरा दिवसांनी तोच दगड मी भरल्या सभागृहात टाकीत सोडला. तो तरंगला.

"फुलकुंवरचं पाप फिटलं!" कुणीतरी ओरडलं.

"थांबा की. आता स्वामींचा दगड घेऊ."

"पवित्र वस्तूला हात लावू नका!" स्वामी म्हणाले, पण पोरं ओरडली, "होऊ द्या, मास्तर!"

चहाच्या स्टोव्हवर पाण्याचं पातेलं होतंच. दगड अर्धा तास उकळला, त्याच पाण्यात निववला आणि टाकीत सोडला. टुपकन बुडाला.

"स्वामीजी," मेरेआनीनं विचारलं, "आता तुमची सून कोण?"

हसण्यानं पत्रे वाजले.

"दगडात हजारो भोकं आहेत," मी सांगितलं. "भोकांत हवा असली की तो तरंगतो. उकळला की हवा निघून जाते, निवताना पाणी आत शिरतं, मग बुडतो; फुलकुंवरचा असाच आधी उकळून टोपलीत ठेवला होता. वाळवला की पुन्हा तरंगतो. कुणाची श्रद्धा किती, हे त्याला कळत नाही."

एवढ्यात स्वामी हारांसकट मागच्या दारानं गेले. पण माझा एक प्रश्न उरला होता. त्या मंगळवारच्या जेमतेम चार दिवस आधी गावात आलेल्या माणसाला मेरेआनी कशी ठाऊक?

"बिसुन," मी म्हटलं, "लहानपणी आपण ह्याच दगडांच्या होड्या करायचो."

त्यांनी टाकीतला बुडालेला दगड बाहेर काढला. मग म्हणाले, "पोरं परत आली होती, मास्तर. धर्म टिकायला हवा ना?"

"आणि माझं नाव?" फुलकुंवरनं विचारलं.

"स्वामींना कुणाचं तरी द्यावंच लागलं, बहन."

त्यांनी पोथी तिच्यापुढे सरकवली. "बस. वाच."

"आज आवाज निघायचा नाही, भैया," ती म्हणाली आणि सुनेचा हात धरून पायऱ्या उतरली.

मुलांनो, आपला धर्म कशानं दुबळा होतो, यावर मंडळीत अजून वाद चालतो. तुम्ही एवढंच करा. कुणी चमत्कार दाखवला तर ती वस्तू हातात मागा. तोला, उकळा, वाळवून बघा. आणि हे त्याच दिवशी करा. मी पंधरा दिवस लावले. पोरं अजून येतात, प्रश्नही विचारतात; पण पोथीसमोरची फुलकुंवरची जागा रिकामीच आहे.