लास्मीचं बाक

क्रेतेकच्या कारखान्यात दर सोमवारी योजना मी मांडतो. कुठल्या लवंगी सिगारेटी किती वळायच्या, ते ठरवायचं. तंबाखू, तास, बाकं, माणसं, सगळ्यांच्या अटी लिहून द्यायच्या, की जास्तीत जास्त नफ्याचं उत्तर संगणक काढतो. याला रेषीय नियोजन म्हणतात. म्हणोत बापडे. माझा जीव विटलाय.

उत्तराबरोबर प्रत्येक अटीपुढे एक आकडाही येतो: ही गोष्ट आणखी एक मिळाली, तर नफा किती वाढेल. त्या सोमवारी वळणाऱ्या बायकांपुढे घसघशीत आकडा होता. टोकं कातरणाऱ्यांपुढे शून्य. एक कातरणारी दोघींना पुरते, असं नवं मोजमाप वरून आलं होतं. म्हणजे निम्म्या उठवा आणि त्यांच्या बाकांवर वळणाऱ्या बसवा.

माझी बहीण लास्मी कातरते. नवऱ्याने टाकली तेव्हा मीच तिला इथे चिकटवली, माझ्या बायकोच्या, रुमिनीच्या समोर. इथे जोडीनेच बसतात. एक वळते, दुसरी कातरते, मजुरी दोघी वाटून घेतात. लास्मीचा हात मंद. आधी तिलाच उठवणार, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी गुपचूप एक अट घातली: वळणाऱ्या जितक्या, कातरणाऱ्या तितक्याच. नफा उतरला, लास्मी राहिली.

पण लेकाचं यंत्र काही लपवत नाही. माझ्या अटीपुढेही आकडा आलाच. साहेबांनी, ज्यांना आम्ही मानाने पाक म्हणतो त्या हेन्द्रोंनी, नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"वाकिजो, ही अट सैल केली तर एवढा फायदा? कुणी घातली ही?"

"मीच, पाक. बायका जोडी मोडणार नाहीत. कामावर यायच्या बंद होतील."

"विचारलंस त्यांना?"

"त्यात विचारायचं काय!"

"चल, विचारू."

शेडमध्ये त्यांनी मोठ्याने सांगितलं, "दोघींत एक कातरणारी घेतलीत, तर वळणारीच्या पदरात जास्त पडेल. कोण तयार आहे?"

सगळे हात थांबले. एकही वर गेला नाही. मी मनात साहेबांना म्हटलं, बसा आता बोंबलत.

मग एक हात वर झाला. रुमिनीचा.

"अहो, असं बघू नका माझ्याकडे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "मी वळलेल्यांचा तिच्यापुढे ढीग साचतो आणि मी हातावर हात ठेवून बसते. तुम्ही आणून बसवलीत, सांभाळली मी. एवढ्या वर्षांत मला विचारलं कुणी? आज विचारलंय."

मला भांडायचं होतं. पण तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं. तेवढ्यात मागच्या बाकांवर आणखी हात वर झाले, आणि पाक हेन्द्रो माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "अट काढून टाक."

लास्मी अजून बाकावरच होती. रुमिनीकडे तिने पाहिलंच नाही. कात्री हातात धरून, मला थोरल्या भावाची हाक मारून म्हणाली,

"कांग, समोर आहेत तेवढ्या कातरून जाऊ ना?"

मी हो म्हटलं.