पाच हरणांची सरासरी

रविकांत मास्तर कर्जतच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि दर रविवारी सायकल दामटत गावाबाहेरच्या माळावर काळविटं मोजायला जायचे. सत्तर साली लांडग्यांनी त्यातलं एक पाडस नेलं, एकाहत्तरात एकही नाही. कळप सोळावर गेला तेव्हा मास्तरांनी शाळेत पेढे वाटले होते.

बहात्तरला पाऊस झालाच नाही. माळावरच्या मेंढ्या चाऱ्यासाठी दूर निघून गेल्या, तसे लांडगे हरणांवर उलटले. महिन्याभरात अकरा गेली.

"परवा दोन, काल एक," माळाला लागून शेत असलेली मालनबाई सांगत होती. "त्येच्या आधी चार दिस काहीच न्हाई. त्येंचा काय नेम हाय व्हय, मास्तर?"

"नर किती उरले?"

"एकच. त्योबी लंगडतोय."

मास्तर तसेच एस.टी. पकडून नगरला, वनखात्याच्या कचेरीत गेले. साहेबांनी कागदावर भागाकार केला.

"तीन वर्षांत बारा. म्हणजे वर्षाला सरासरी चार. सोळांच्या कळपात एवढं चालायचंच."

"साहेब, कळप आता पाचाचा आहे! उद्या तो एक नर गेला, तर चारही माद्या म्हातारपणापर्यंत सुखरूप जगल्या तरी कळप संपलाच ना? हजार हरणं असती तर तुमची ही सरासरी मी चौकटीत घालून भिंतीला लावली असती!"

"मग काय करू म्हणता?"

"पाऊस पडेपर्यंत दोन राखणदार द्या. थोडं पाणी द्या."

"मास्तर, इथं माणसांना पाणी नाही."

मास्तर तणतणतच कचेरीबाहेर पडले.

परत आल्यावर त्यांनी मालनबाईला गळ घातली. तिच्या विहिरीला अजून हातभर पाणी होतं. "माझी जवारी खाल्ली त्या मेल्यांनी," असं पुटपुटत ती रोज संध्याकाळी बैलांच्या डोणीत दोन बादल्या जास्त ओतू लागली. हरणं वस्तीजवळ घुटमळू लागली. फाल्गुनात लांडगे अचानक दिसेनासे झाले. वस्तीला भ्यायले, की दुसरीकडे शिकार मिळाली, कुणालाच कळलं नाही. पुढच्या पावसाळ्यात दोन पाडसं झाली.

आणि कचेरीचं पत्र आलं: यंदा एकही शिकार नाही, सबब आपली भीती अनाठायी होती.

मास्तर बांधावर बसून पत्रावर ओरडले.

"आता वाचली न्हवं हरणं?" मालनबाई म्हणाली. "मग कशाला चिडताय?"

"का वाचली ते ठाऊक नाही म्हणून! गेली असती, तरी यांनी भागाकारच केला असता."

त्यांनी पत्र उलटं केलं, पेन काढलं आणि पाठीमागे लिहायला घेतलं: 'कळप सात. मोठा नर अद्याप एकच.'