ओक मीटरभर होईपर्यंत

फेलिस्मिना मावशीनं ऐंशीव्या वर्षी बुचाचे ओक लावायला घेतले तेव्हा सगळ्या गावानं तिला वेड्यात काढलं, आणि त्यात मी सगळ्यात पुढे होतो. मी न्हावी. माणसाचं डोकं बाहेरून चाचपून आत काय शिजतंय ते मला कळतं, असा माझा समज आहे. आणि बुचाचा ओक काय चीज आहे हे तर आमच्या आलेंतेजू प्रांतात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आज बी पेरलं की पहिलं बूच सोलायला पंचवीसेक वर्षं, आणि तेही इतकं ओबडधोबड की वाइनच्या बाटलीला चालत नाही. म्हणजे मावशीनं शंभरी ओलांडायची आणि वर टाकाऊ बूच घेऊन बसायचं.

"मावशी, टोमॅटो लाव," मी म्हटलं. "निदान खाऊन तरी जाशील."

"तू आपली डोकी भादर," ती म्हणाली. "चालवू मात्र नकोस."

खरं कारण होतं तिचा मुलगा वाल्देमार. तो लक्झेंबर्गला बस चालवतो. दर ऑगस्टमध्ये घरी येतो, तिकडच्या न्हाव्याकडून बाजू तासून आणलेलं डोकं मिरवतो, आणि आईला तिकडे घेऊन जायचं म्हणून जीव खातो. "आमच्याकडे लिफ्ट आहे, आई." "मला लिफ्टनं कुठं जायचंय? वर देवाकडे?" असा त्यांचा संवाद आम्हाला पाठ होता. त्या वर्षी मात्र त्यानं नवीनच काढलं. गावामागची मावशीची उघडी टेकडी एका सोलरवाल्या कंपनीला हवी होती.

"तू आहेस तोवर टेकडी तुझी," तो म्हणाला. "तू गेलीस की मी सही करणार. आधीच सांगतो. मागाहून फसवलं म्हणू नकोस."

मुलगा तसा सरळ. जरा कपटी असता तर भांडायला बरं पडलं असतं.

मावशी तडक कॅफेत गेली आणि वनरक्षक कुस्तोदियुच्या समोर बसली. त्यानं सांगितलं ते असं: बुचाच्या ओकांचं रान एकदा उभं राहिलं की ते पाडून तिथं दुसरं काही उभारायला सरकार सहसा देत नाही. मालक कोणी का असेना.

"पण झाडं मीटरभर तरी हवीत," तो म्हणाला. "त्याच्या आत ती नुसती रोपटी. रोपट्यांना कोण विचारतो?"

"मीटरभर व्हायला किती दिवस?"

"दिवस? पाच-सहा वर्षं धर. पाऊस नीट पडला तर. डुकरांनी ठेवली तर. आणि..." कुस्तोदियु कॉफीच्या कपात बघायला लागला.

"आणि मी टिकले तर," मावशीनं त्याचं वाक्य पुरं केलं, आणि बियांसाठी बादली मागितली.

सेंट मार्टिनच्या सणाला, नवी वाइन उघडली त्या आठवड्यात, तिनं बिया गोळा केल्या. बादलीतल्या पाण्यात टाकल्या. तरंगल्या त्या पोकळ, म्हणून फेकल्या. बुडाल्या त्या एकेक करून टेकडीवर बोटभर खोल, आडव्या निजवल्या. पंधरवड्यात रानडुकरांनी अख्खी टेकडी नांगरून बिया फस्त केल्या.

कोणी तरी सांगितलं की डुकरांना माणसाच्या केसांचा वास सोसत नाही. तेव्हापासून माझ्या दुकानातला सगळा केर टेकडीवर जायला लागला. पुढच्या वर्षी मावशीनं प्रत्येक बीभोवती पांढऱ्या केसांचं कडं केलं. डुकरं आली, हुंगली, बिया खाऊन गेली. आमच्या गावात साठीच्या आतलं डोकं औषधाला नाही. डुकरांनी आम्हाला बरोबर जोखलं होतं. मला हा माझ्या धंद्याचा अपमान वाटला, आणि मी स्वतः जाऊन तारेचं कुंपण घातलं. तिसऱ्या पेरणीला कोंब आले.

मग गावाला शहाणपण सुचलं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात. आम्हाला दोन्हीची धास्ती होती. एक टेकडी गेली की कंपनी बाकीच्या टेकड्याही मागणार, आणि मावशी गेली की ही टेकडी जाणार. तेव्हा मावशीला जपायचं ठरलं. पाववाली तिच्या पावात मीठ घालीना. ऑलिव्ह उतरवायला ती शिडीवर चढली की खालून चौघं ओरडायचे. पाद्रीबाबा प्रवचनात स्वर्गाचं जरा जास्त गोड वर्णन करायला लागले की मागच्या बाकावरून मी खाकरायचो. रस्त्यात कोणी "मावशी, बरी आहेस ना?" असं विचारत नसे. "कुठवर आलं?" एवढंच विचारत.

"गुडघ्याला लागलं," ती सांगायची. पुढल्या वर्षी, "मांडीला लागलं." मग एकदा म्हणाली, "एप्रनच्या गाठीला आलं." आम्ही कॅफेत पेले उंचावले. कुस्तोदियु टेप घेऊन गेला आणि तोंड पाडून परत आला.

"मावशी, झाड वाढलंय थोडं," तो म्हणाला. "बाकी तूच आखूड झालीयस."

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात टेकडीवर पाण्याची बादली नेताना मावशी पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिला एव्होराच्या इस्पितळात नेलं. वाल्देमार धावत आला. ऊन असं की दुपारी कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. पाणी घालायला आम्ही सगळे तयार होतो, म्हणजे तोंडानं. माझं ब्लडप्रेशर, पाववालीचे पाय, कुस्तोदियुची कंबर. अर्ध्या चढावर आम्ही तिघं बसलो ते खालीच उतरलो.

इस्पितळात मावशीनं मुलाला पहिलं वाक्य काय ऐकवलं ते मी तिथंच उभा राहून ऐकलं. "झाडांना पाणी घाल."

"आई, ती झाडं माझ्याविरुद्ध लावलीस!"

"हो."

"आणि मीच पाणी घालू?"

"विकायचं तर वीक. पण तहानेनं मारू नकोस कोणाला. तुला मी तसं वाढवलं नाही."

वाल्देमार चरफडत गेला. पहिल्या दिवशी भाड्याच्या गाडीतून कॅन नेले आणि पाणी नुसतं भिरकावलं. दुसऱ्या दिवशी झाडांभोवती आळी केली, कारण पाणी वाहून वाया जात होतं आणि त्याला वाया गेलेलं खपत नाही. पुढं एकदा दुकानाचं दार आपटून आत आला. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक दचकलं.

"कोपऱ्यातलं एक सुकतंय!" तो ओरडला. "खालून पानं पिवळी पडलीत. आई काय करायची?"

"सावली धर त्याच्यावर," मी म्हटलं. "आणि तुला काय रे? मेलं तर तुझाच फायदा."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की वस्तरा माझ्या हातात होता हे बरं झालं. दुसऱ्या दिवशी त्या झाडावर मावशीची काळी छत्री बांधलेली होती.

ऑगस्ट सरता सरता, मावशी इस्पितळात असल्याचं ऐकून, कंपनीचा माणूस आला. चकचकीत बूट, हातात कागद. वाल्देमार त्याला टेकडीवर घेऊन गेला. झाडांचं काय होतंय म्हणून मीही मागोमाग चढलो, ब्लडप्रेशर गेलं खड्ड्यात. त्या माणसानं नजर फिरवली आणि हसला. "काही अडचण नाही. एकही मीटरभर नाही. कायद्याच्या हिशेबी इथं काही नाहीच." असं म्हणत तो नकाशा बघत मागे सरकला, आणि त्याची टाच एका आळ्यात गेली.

"पाय!" वाल्देमार इतक्या जोरात ओरडला की खाली कॅफेतली माणसं बाहेर आली. "पाय काढ आधी! दिसत नाही? माझी पाठ मोडलीय त्यांना पाणी पाजून, आणि हा म्हणतो इथं काही नाही! चल, उतर खाली. बघून उतर. हं, तिथंही एक आहे!"

कागद त्या माणसाच्या हातातच राहिले, सहीशिवाय.

मावशी ऑक्टोबरात घरी आली, वॉकर धरून. वाल्देमार परत गेलाच नव्हता. अजून रजा आहे म्हणायचा, कसली ते कोणी विचारलं नाही. टेकडीवरची सगळी हकिकत मी मावशीला सांगितली. ओरडण्याची नक्कल दोनदा करून दाखवली. ती डोळे पुसत हसली. मग उशीला टेकून तिनं मोठा श्वास सोडला.

"चला. आता मीटर नको की सेंटिमीटर नको. टेकडी वाचली. आता मी मरायला मोकळी."

दारात टेप घेऊन वाल्देमार उभा होता. त्याचा चेहरा साफ उतरला. एवढा मोठा माणूस, पण तेव्हा बापाच्या दफनाला आला होता तसाच दिसला.

"असं कसं मोकळी?" तो म्हणाला. "आत्ताच मोजून आलो. अजून वीतभर कमी आहे. तोवर मरायचं नाव काढायचं नाही."

"अरे, पण आता तू विकत नाहीस ना?"

"त्याचा काय संबंध? ठरलं म्हणजे ठरलं."

"बरं बाबा. आणि मीटर झाल्यावर?"

वाल्देमारनं टेप गुंडाळला, पुन्हा उलगडला, पुन्हा गुंडाळला.

"मग पहिलं बूच निघेपर्यंत," तो म्हणाला.