शपथेवर निराधार

वकील घरी येणार म्हणून त्या सकाळी दादांनी चांगले कप काढायला लावले. काढले अर्थात धाकटीने. हुकूम दादांचा, हात धाकटीचे, ही त्या घरातली जुनी वाटणी. दादांची ही बहीण पन्नाशी उलटली तरी गल्लीला धाकटीच. लग्न न झालेल्या बाईचं वय मोजायचं नाही, असा आपल्या समाजाचा सोयीस्कर शिष्टाचार आहे.

लग्न झालं नव्हतं हे तिचं दुःख आणि दादांचं भांडवल. वडील स्वातंत्र्यसैनिक. ऐन तारुण्यात तुरुंगात गेले, म्हातारपणी त्यांना सरकारी पेन्शन लागली. ते गेल्यावर ती आईला मिळू लागली. आईही गेली. नियम असा, की त्यानंतर पेन्शन अविवाहित, निराधार मुलीला मिळते. मुलाला नाही. दादांनी हा नियम दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि बहिणीकडे नव्या मायेने पाहिलं.

त्याच सुमारास कोपऱ्यावरचा चष्मेवाला दारात आला होता. भला माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. तरुणपणीही त्याने एकदा विचारलं होतं. तेव्हा वडिलांची, म्हणजे आबांची, सेवा आडवी आली. या खेपेला त्याने घाबरत घाबरतच विषय काढला.

"या वयात?" दादा हसले. "अहो, आमची धाकटी म्हणजे देवमाणूस. तिला असले विचार शिवत नाहीत."

देवमाणूस आतल्या दारामागे चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती रडली नाही. तिने चहा नेऊन ठेवला, चष्मेवाल्याच्या खाली गेलेल्या मानेकडे एकवार पाहिलं आणि ही रक्कम भावाच्या नावावर मांडून ठेवली. अशा रकमांवर व्याज फार चढतं.

सरकारने अर्ज फेटाळला. भाऊ कमावता, बहीण त्याच्या घरात राहते, मग निराधार कसली? दादा कोर्टात गेले. म्हणजे बहिणीला नेलं. मुखत्यारपत्र आणि बँकेचं खातं मात्र स्वतःच्या नावाचं दिलं, कारण कचेरीतलं बायकांना काय कळतं. निकालाच्या भरवशावर वहिनींनी स्वयंपाकघराच्या नव्या फरश्याही पसंत करून ठेवल्या.

तर वकीलसाहेब आले, चहा घेतला आणि तालीम सुरू झाली.

"ताई, समजा विचारलं, तुम्ही कोणाच्या आधारावर जगता?"

"दादाच्या," धाकटी म्हणाली.

"झालं. बुडाली केस." वकिलाने कप खाली ठेवला. "म्हणायचं, कोणाच्याच नाही. आणि दादासाहेब, तुम्ही शपथेवर सांगायचं, बहिणीला मी काही देत नाही, तिच्या व्यवहाराशी माझा संबंध नाही. जरासुद्धा माया दाखवायची नाही."

"ते जमेल," धाकटी म्हणाली.

वकील हसला. दादांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "आणि लग्न का केलं नाही विचारलं तर?" त्यांनी स्वतःच उत्तर दिलं, "सांग, इच्छाच नव्हती."

कोर्टाची खोली अरुंद होती. पंखा आवाज जास्त आणि वारा कमी देत होता. न्यायाधीशबाईंसमोर दादा पिंजऱ्यात उभे राहिले. सरकारी वकील तिरकस माणूस.

"तुम्ही बहिणीला जेवायला घालता?"

"नाही."

"कपडालत्ता?"

"नाही. घर वडिलांचं. त्यांनी पुढची खोली तिच्या नावे केली. ती तिच्या खोलीत, आम्ही आमच्या. तिच्या पैशाशी माझा काडीचा संबंध नाही."

"उद्या तिला हे पैसे मिळाले तर?"

"तिचे ती बघेल. मला त्यातलं काही नको."

"आणि लग्न करायचं म्हणाली तर?"

"तिचं आयुष्य," दादा उदारपणे म्हणाले. "मी कोण अडवणार?"

मागच्या बाकावर वहिनींनी समाधानाने मान हलवली. नवरा इतकं सफाईदार बोलतो, हे त्यांना नव्यानेच कळत होतं.

मग धाकटी उभी राहिली. न्यायाधीशबाईंनी मऊ आवाजात विचारलं, "तुम्ही निराधार आहात?"

"हो. पण भाऊ नाही म्हणून नव्हे, बाईसाहेब. भाऊ आहे म्हणून."

दादांच्या वकिलाला खोकला आला.

"म्हणजे?"

"स्थळं आली होती. मला कोणी विचारलं नाही. आधी म्हातारी माणसं सांभाळायला ठेवली, मग पेन्शनसाठी ठेवली. गाय भाकड झाली की लोक विकतात. मी भाकड राहावं म्हणून मला बांधलं." तिने दम घेतला. "एक विचारू? दादा आत्ता बोलला ते खरं धरायचं ना?"

"शपथेवर बोललेत."

"मग त्याच्याकडे माझं मुखत्यारपत्र आहे, ते मला रद्द करायचंय. पैसेही त्याच्या खात्यात जायचेत. ज्याचा काडीचा संबंध नाही, त्याला कशाला तोशीस? माझं खातं मी काल उघडलंय."

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून दादांकडे पाहिलं. "तुमची काही हरकत?"

दादांनी वकिलाकडे पाहिलं. वकिलाने पंख्याकडे पाहिलं. हरकत घ्यावी तर शपथ खोटी, न घ्यावी तर पैसा गेला. इतकी वर्षं दुसऱ्याला कात्रीत धरणाऱ्या माणसाला कात्रीची दोन्ही पाती पहिल्यांदाच दिसली.

"हरकत नाही," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटला नाही.

धाकटी केस जिंकली. त्या संध्याकाळी चूल पेटली नाही. वहिनी दार ठोठावत आल्या. "अगं, जेवणाचं काय?"

"दादा मला जेवायला घालत नाही, वहिनी. मग मी तरी त्याला का घालू? कोर्टाचा अपमान होईल."

गल्ली महिनाभर हे वाक्य चघळत होती. दादांना बोलताही येईना. कोणाला काय सांगणार, बहिणीने स्वतःचे पैसे स्वतः घेतले म्हणून?

थकलेली पेन्शन धाकटीच्या खात्यात जमा झाली. तिने पुढच्या खोलीला स्वतंत्र कुलूप केलं, दोन चांगले पोशाख शिवले आणि एके दिवशी भर दुपारी, गल्ली बघत असताना, चष्मेवाल्याच्या दुकानात गेली. या खेपेला तिनेच विचारलं.

बातमी दादांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते तिच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी आले. आत यायचं की नाही, ते ठरेना. ती कपडे घडी करत होती.

"धाकटे, राग आला असेल. कबूल. पण लग्न केलंस की पेन्शन बंद. आबांच्या नावाने येणारा पैसा असा घालवायचा? मला नको देऊस, पण बंद तरी करू नकोस. पुढेमागे घरातच राहील. थोडं थांब."

"किती थांबू, दादा?"

ती खरंच विचारत नव्हती. पण दादांना ते कळलं नाही. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, ओठ हलवले, मनाशी जुनीच बेरीज पुन्हा तपासली आणि म्हणाले, "सहा-सात वर्षं."

धाकटीचे हात थांबले. भावाच्या तोंडून आकडा निघाला होता. म्हणजे तो आधीपासून ठरलेला होता. तिच्या उरलेल्या आयुष्याचा भाव कोणीतरी बसून काढला होता.

"बरं झालं बोललास," ती म्हणाली. "मनात कुठेतरी वाटत होतं, आपण जरा जास्तच कठोर झालो."

तिने दार लावून घेतलं. आठवड्याने तिचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः जाऊन पेन्शन बंद केली आणि परतताना गल्लीच्या टोकाच्या घरी थांबली. तिथेही एका स्वातंत्र्यसैनिकाची मुलगी भावांच्या घरात पिकत चालली होती. भावानेच दार उघडलं.

"काय काम?" त्याने विचारलं.

"तुमच्याशी काही नाही," धाकटी म्हणाली. "बहिणीला बाहेर बोलवा."