बेदाण्याएवढं तोंड

जरा वर बघा. शेडच्या फळीवर, सुतळीच्या गुंड्यांशेजारी बसलोय, तो मी बोलतोय. पत्र्याचा डबा. झाकणाला कुलूप आणि कपाळावर गुलालाचा डाग. हसू नका. तुमच्या घरातल्या डब्यात डाळ असते, तांदूळ असतात. माझ्यात एकदा एकशे त्रेचाळीस माणसांच्या मनातली गोष्ट होती आणि ती मी दिवसभर सांभाळली.

जन्मानं मी पंधरा किलो तेलाचा डबा. सांगलीत एका भडंगवाल्याकडं माझा पहिला मुक्काम झाला. तेल संपलं, भडंग खपलं, मी रिकामा झालो. भंगारातून फिरत फिरत तासगावकडं आलो आणि या बेदाण्याच्या शेडवर येऊन पडलो. इथं वाळलेले बेदाणे धुतात, निवडतात, खोक्यांत भरतात. मला कुणी पाणी तापवायला घेतलं, कुणी माझ्यावर बसून भाकरी खाल्ली. शेवटी शेवटी तर माझ्यात चपला ठेवायचे. तेलाच्या डब्याच्या नशिबी याहून जास्त काय असणार, असं मीही धरून चाललो होतो.

निवडायचं काम बायांचं. लांब टेबलाच्या दोन्ही अंगांना त्या बसतात, समोर बेदाण्याचा ढीग. चांगला बेदाणा पुढं सरकवायचा. डाग पडलेला, चिरडलेला, काडी राहिलेला डाव्या पायाशी ठेवलेल्या क्रेटमध्ये टाकायचा. तोंडानं सुनेची गाऱ्हाणी चालू असतात, मोबाइलवर गाणी चालू असतात, आणि हात आपले चालूच. नजर पोचायच्या आत बोटं पोचलेली असतात. इतकी वर्षं बघतोय, पण मला अजून त्याचं नवल वाटतं.

या सगळ्यांत जुन्या बनुबाई. सत्तावीस वर्षं झाली त्यांना या टेबलावर. त्यांच्या हातून डागी बेदाणा सुटला असं कुणी दाखवून दिलं, तर मी माझं झाकण गिळीन.

शेडवरच्या कामगारांची संघटना आहे. बाया जास्त, हमाल गडी कमी. दर तीन वर्षांनी अध्यक्ष निवडायचा. निवडायचा म्हणजे काय, तर अंगणात सभा भरायची, कुणीतरी "कृष्णात" म्हणायचं आणि सगळ्यांनी हात वर करायचे. मालकाची खुर्ची तिथंच बाजूला. कुणाचा हात खाली राहिला ते सगळ्यांना दिसायचं, म्हणून कुणाचाच राहायचा नाही. हा कृष्णात हमालांचा पुढारी, बनुबाईंचा सख्खा पुतण्या. माणूस वाईट नाही हो. कुणाचं लेकरू आजारी पडलं तर स्वतःची गाडी काढणारा. पण त्याला एक शब्द फार आवडायचा. तो शब्द म्हणजे "बघू".

बायांचं मागणं एकच होतं. शेडच्या मागं संडास, पण त्याला दार नव्हतं, नुसता पोत्याचा पडदा. एक बाई आत गेली की दुसरीनं पडदा धरून उभं राहायचं. मागच्या बाजूला ट्रक भरायला लागला की तेही जमायचं नाही. मग बायांनी त्यावर एक उपाय काढला होता. कामावर पाणीच प्यायचं नाही. बेदाण्याला देतात त्या गंधकाच्या धुरीनं घसा कोरडा पडायचा, तरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोट नाही. कृष्णातला सांगितलं की तो म्हणायचा, बघू. असं त्यानं नऊ वर्षं बघितलं.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी अर्फा टेबलाशी बसल्या बसल्या आडवी झाली. अर्फा म्हणजे मदिनाबींची सून. चौथा महिना होता तिला. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही. पोटातलं बाळ थोडक्यात वाचलं. मदिनाबी बनुबाईंच्या शेजारी बसतात, बोलायला फार कमी. त्या दिवशी त्यांनी सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि गाडी येईपर्यंत पदरानं वारा घालत राहिल्या. मी तिथंच होतो, चपला सांभाळत. त्यांच्या तोंडाकडं बघून मला भीती वाटली, आणि बरंही वाटलं.

दिवाळी झाली आणि निवडणुकीची सभा भरली. जयराज सुभेदार निवडणूक अधिकारी म्हणून आले होते. फौजेतून निवृत्त झालेले, शेडशी देणंघेणं नसलेले, म्हणून सगळ्यांना चालणारे.

"अध्यक्षपदासाठी नावं द्या," सुभेदार म्हणाले.

"कृष्णात," हमालांकडून आवाज आला.

"आणखी कुणाचं?" सुभेदारांनी हे दरवेळी विचारायचं असतं म्हणून विचारलं आणि वही मिटायला घेतली.

मदिनाबी उठल्या. "माझं लिवा."

"सूचक कोण?" सुभेदारांनी विचारलं. अर्फा उभी राहिली.

"अनुमोदक?"

कुणी उठेना. मालक मोबाइलमध्ये बघत होते, पण कान इकडंच होते. बाया एकमेकींच्या पायांकडं बघायला लागल्या. सुभेदार म्हणाले, "अनुमोदक नसला तर नाव बाद होतंय." मदिनाबी तशाच उभ्या. मला घाम फुटत नाही, नाहीतर फुटला असता.

मग बनुबाई गुडघ्यावर हात टेकवून सावकाश उठल्या. "मी हाय."

कृष्णात गडबडला. "काकी, तुमी?"

"व्हय. पडलास तरी तू माझा पुतण्याच हाईस. पर मला कामावर पाणी प्यायचं हाय रं."

दोन नावं झाली म्हणजे मतदान आलं. सुभेदारांनी कागदाच्या चिठ्ठ्या छापायचं काढलं. बायांना ते पटेना. कागदावर बोटाचा डाग उठतो, खूण कशी केली त्यावरून माणूस ओळखू येतं. बनुबाई म्हणाल्या, "मग बेदाण्यानंच घ्या की." आणि ठरलं ते असं ठरलं. प्रत्येकाला एक पिवळा आणि एक काळा बेदाणा द्यायचा. पडद्याआड जाऊन एक पेटीत टाकायचा आणि दुसरा तिथंच खाऊन टाकायचा. पोटात गेलेला पुरावा कोण बाहेर काढणार? कुणाचा रंग कोणता यासाठी चिठ्ठी टाकली, तर मदिनाबींना पिवळा आला आणि कृष्णातला काळा. मला तर ही युक्ती ऐकून या बायांच्या पाया पडावंसं वाटलं.

पेटी म्हणून मला निवडलं. माझ्यातल्या चपला काढल्या आणि मला पत्रेवाल्या पीरमहंमदकडं नेलं. त्यानं सोडा घालून मला घासलं, झाकणाला कडी-कोयंडा बसवला आणि वर बारीकशी फट पाडली. खिशातला बेदाणा माझ्या तोंडात टाकून त्यानं कान लावला. "एका वक्ताला एकच जातोय," म्हणाला, मला उलटा करून बेदाणा काढला आणि खाल्ला. लोक मोठ्या तोंडानं जन्माला येतात, मला असं बेदाण्याएवढं तोंड मिळालं.

मतदान सुट्टीच्या दिवशी ठेवलं. आदल्या संध्याकाळी टेबलं पुसून, क्रेट धुऊन भिंतीशी उपडी घातली होती. हिरव्या शेडनेटचा आडोसा, त्यात एक स्टूल आणि स्टुलावर मी. सुभेदारांनी सगळ्यांना माझं रिकामं पोट दाखवलं आणि कुलूप लावलं.

काय सांगू तुम्हाला. वर्षानुवर्षं हे हात मी बघत होतो. कुठून तरी लांबून आल्यासारखे ते त्या दिवशी माझ्याजवळ आले. टेबलावर नजरेला न सापडणारी बोटं माझ्या तोंडाशी येऊन थांबायची. एका बाईनं सवयीनं दोन्ही बेदाणे तोंडात टाकले, ती लाजत बाहेर जाऊन दुसरी जोडी घेऊन आली. एकीनं बेदाणा डोळ्यांना लावला आणि मग टाकला. मी तेल पाहिलंय, पाणी पाहिलंय, आग पाहिलीय. पण माणूस एकटं असताना, कुणी बघत नसताना, आपलं मत कसं जपून ठेवतं ते पहिल्यांदा पाहिलं. दोन हात तर असे होते, की त्यांनी काय टाकलं ते मी सांगितलं तर उद्या काम बंद पडेल. पण न सांगणं हीच माझी नोकरी आहे.

चारच्या सुमारास मला टेबलावर उपडं केलं. मोजायला बनुबाई आणि दोघीजणी बसल्या, हात चपळ म्हणून. बनुबाई बसताना भिंतीकडचं एक क्रेट ओढून पायाशी घेऊन बसल्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्याशिवाय त्यांना टेबलाशी बसताच येत नाही.

बोटं सुरू झाली. पिवळे एकीकडं, काळे एकीकडं. पिवळे चौसष्ट, काळे एकोणसत्तर.

सुभेदार बेरीज करायच्या आत हमालांनी हलगी बडवली. कृष्णातच्या कपाळाला गुलाल लागला. मदिनाबींनी अर्फाचा हात धरला आणि खाली बघितलं. अर्फाचे दिवस भरत आले होते. तिचे ओठ तेव्हाही कोरडे होते, ते मला स्पष्ट दिसत होतं.

"थांबा," सुभेदार वहीतून मान वर करून म्हणाले. "एकशे तेहेतीसच होतायत. मतं एकशे त्रेचाळीस पडलीत. दहा कुठं गेली?"

हलगी थांबली. मला उचललं, हलवलं, बुडावर दोन दणके दिले. माझ्यात काय असणार? मला पक्कं ठाऊक होतं, एकशे त्रेचाळीस वेळा टक्क झालं होतं. पण मला सांगता येत नव्हतं. कुणी म्हणालं, लोकांनी दोन्ही खाल्ले असतील. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मोजणारी काकी कुणाची हाय, ते बघा की."

बनुबाईंचं तोंड उतरलं. त्यांनी दोन्ही मुठी उघडल्या, पदर झटकला. "झडती घ्या माझी."

"कशाची झडती?" मदिनाबी पुढं झाल्या. "आक्का, तुमी परत मोजा. मी हितं बसते."

बनुबाईंनी पिवळ्यांपासून पुन्हा सुरुवात केली. सगळे गोल करून उभे. पंधरा, सोळा, सतरा. इतक्या हाताळणीनं एक पिवळा जरा चिरडला होता. बनुबाईंच्या बोटांनी तो उचलला आणि हात आपोआप डावीकडं खाली निघाला. मदिनाबींनी तो मनगटात पकडला.

"आक्का, हात कुठं चाललाय?"

बनुबाईंनी हाताकडं बघितलं, मग पायाकडं. सगळ्यांनीच बघितलं. धुतलेल्या, कोरड्या क्रेटच्या तळाला दहा बेदाणे पडले होते.

"आगं आई," बनुबाई एवढंच म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सत्तावीस वर्षांत त्या हातांनी डागी बेदाणा पुढं जाऊ दिला नव्हता, तो त्यांनी त्या दिवशीही जाऊ दिला नाही. मला त्यांची इतकी कीव आली.

सुभेदारांनी क्रेट टेबलावर ठेवलं. काडी राहिलेला एक काळा, बाकी नऊ पिवळे, तपकिरी ठिपक्यांचे. काळ्यावर डाग दिसत नाही, पिवळ्यावर लगेच दिसतो. काळे सत्तर, पिवळे त्र्याहत्तर.

एक हमाल म्हणाला, "डागी माल बादच असतोय." दुसरा म्हणाला, "एकदा गुलाल पडला म्हणजे पडला." मालक खुर्चीत जरा पुढं सरकले.

सुभेदारांनी कृष्णातकडं बघितलं. "हरकत घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. घेतलीत तर निकाल थांबतोय."

कृष्णातनं त्यातला एक पिवळा बेदाणा उचलून तळहातावर घेतला. पन्नास किलोचं पोतं सहज उचलणारा तो हात. अंगठ्यानं त्यानं तो ठिपका पुसून बघितला. मी वाट बघत होतो. अर्फाही वाट बघत होती.

"ह्यो कुणीतरी टाकलाय न्हवं?" शेवटी तो म्हणाला. "मग मोजा. माझी हरकत न्हाई." आणि पुढं म्हणाला, "मला वाटत हुतं, समदे हात माझंच हाईत."

त्यानं गुलालाचं ताट उचललं आणि मदिनाबींसमोर धरलं. त्या ओशाळल्या. "माझ्या कपाळाला नको, कृष्णातभाऊ. ह्याला लावा," म्हणाल्या आणि माझ्याकडं बोट केलं. त्यानं अंगठ्यानं मला गुलाल लावला. सत्तर मतांचा माणूस त्र्याहत्तर मतांच्या बाईपुढं ताट धरून उभा होता, कुणी कुणावर हात उचलला नव्हता, आणि हे सगळं मूठभर बेदाण्यांनी केलं होतं.

मदिनाबींनी अध्यक्ष म्हणून पहिलं पत्र लिहिलं ते दाराचं. मालक बघू म्हणाले. तेव्हा बाया पाण्याची एकेक भरलेली बाटली घेऊन त्यांच्या केबिनबाहेर नुसत्या बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी मिरजेहून लोखंडी दार आलं. ते टेम्पोतून उतरवून पाठीवर घेऊन आला कृष्णातच. हमालच तो, आणि बसवताना एका बाजूनं धरून उभाही राहिला.

आता मी इथं फळीवर असतो. अर्फाला मुलगी झाली, ती टेबलामागच्या झोळीत झोपते. बनुबाईंच्या डाव्या पायाशी क्रेट असतं आणि उजव्या पायाशी पाण्याची बाटली. पुढची निवडणूक अजून लांब आहे. माझी एवढीच विनंती आहे की तोवर माझ्यात खिळे भरू नका, चपला ठेवू नका, मला रिकामाच राहू द्या. मदिनाबींनी काम केलं नाही तर त्यांनाही पाडा, मी तीही मतं तशीच सांभाळीन. फक्त मोजायला बसताना पायाशी क्रेट घेऊ नका.

बरं, आता गप्प बसतो. मी टेकलोय त्या भिंतीच्या पलीकडंच ते दार आहे. दिवसातून कितीतरी वेळा मी हातातलं सगळं सोडून त्याचा आवाज ऐकतो. हात नाहीत मला, पण म्हणतात तसं. अर्फा आत्ताच बाटली संपवून तिकडं गेली. एकटीच गेली, पडदा धरायला कुणी नाही. ऐका. लागली कडी.